भिंतीवरून बॉल येतो, पण झेलणारा कुठून येतो?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जेलच्या भिंतीवरून गांजा भरलेला बॉल आत फेकला, अज्ञात इसमावर गुन्हा दाखल, ही बातमी पेपरात पाणीटंचाईच्या बातमीसारखी ठरल्या वेळी येते, जिल्ह्याचं नाव तेवढं बदलतं. लोक वाचतात, "आतले सगळे मॅनेज असणार" म्हणतात आणि पान उलटतात. मीपण तेच करायचो. बॉल टेनिसचा होता की प्लॅस्टिकचा, कुठं चिरला, सेलोटेप कसा गुंडाळला सगळं छापून येतं, पण तो झेलायला आत कोण टपून बसलं होतं आणि त्याच्यावर ही वेळ कशी आली ते काही येत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. कापायचं तर कापा पण भावाचा भाग ठेवा.

माझं कोर्टासमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, 19 वर्षं झाली. जामिनाचे अर्ज, वकीलपत्रं, चार्जशीटच्या झेरॉक्स, सगळं माझ्या हाताखालून जातं. वकील नाही मी, पण टाईप करून करून कलमं पाठ झालीत, ज्युनियर पोरं तर कधी कधी मलाच विचारतात की काका हे कशाखाली टाकू. 2022 मध्ये नागपूर सेंट्रल जेलला एका कैद्याच्या कोर्टाच्या फाईलमधून गांजा आणि मोबाईलच्या बॅटऱ्या निघाल्या होत्या, ते वाचलं तेव्हा मी हातातली फाईल उलटीसुलटी करून बघितली. तसली फाईल मी रोज विकतो, 15 रुपयाला, दोन पुठ्ठे आणि मध्ये नाडी. आता कुणी एकदम चार फायली मागितल्या की उगाच त्याच्या तोंडाकडे बघतो.

असो. माझा चुलत भाऊ, घरात त्याला छोट्या म्हणतात, वय 23. काका रोज पिणारे, त्यामुळे पोराला बोलायला घरात कुणाला तोंडच नव्हतं. नववी-दहावीत पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगायचा, ते आम्हाला कळलं तेव्हा दोन थोबाडीत दिल्या आणि विषय संपला असं आम्ही समजलो. मग शाळा सुटली, मग गोळ्या, मग पावडर. पावडर म्हणजे गर्द, ब्राऊन शुगर. डिलिव्हरीचं काम धरलं होतं, ते गेलं, मग घरातली भांडी, काकूची जोडवी, आणि शेवटी एका बाईच्या हातातला मोबाईल हिसकावून पळताना लोकांनी धरला. आता गंमत बघा, एफआयआरमध्ये मोबाईल आहे, पंचनाम्यात मोबाईल आहे, चार्जशीटमध्ये मोबाईल आहे, मोबाईलचा आयएमईआय नंबरसुद्धा आहे. पोरगा व्यसनी आहे हे एका कागदावर नाही. माझ्याकडे झेरॉक्सला येणाऱ्या चोरीच्या अशा कितीतरी केसेस असतात की वाचताना मला कळतं हा पावडरीचा गडी आहे, चोरीची वेळ आणि वस्तू बघूनच कळतं, पण कागदावर तो फक्त चोर. त्यामुळे जेलमध्ये नशेच्या केसमधले किती असं कुणी विचारलं तर एनडीपीएसवाले (ड्रग्जच्या कायद्याखाली धरलेले) मोजतात, आणि हे सगळे राहतात बाजूला.

काका म्हणाले, "राहू दे चार महिने आत. आपोआप सुटंल." आणि मीपण हो म्हणालो. हे लिहायला जड जातंय. जामीन अर्ज माझ्याच दुकानात माझ्याच हाताने फुकट टाईप झाला असता आणि तो मी दोन महिने केला नाही, कारण मलाही मनापासून वाटत होतं की आत काही मिळणार नाही, सक्तीने सुटेल, पोरगं जाड होऊन बाहेर येईल. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच वाटतं. कोर्टात आया येतात ना, जामीन करू नका साहेब म्हणून वकिलाला हात जोडणाऱ्या, त्या दुष्ट नसतात, थकलेल्या असतात.

अटकेनंतर त्याचं मेडिकल झालं. ते कायद्याने करावंच लागतं. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. मारहाण झाली का, नाही. काही आजार, नाही. बीपी, सही, शिक्का, पुढचा. दोन मिनिटं पण नसतील. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं, सारख्या जांभया येत होत्या, अंगावर काटा, भर दुपारी. हवालदार म्हणाला सर्दी झालीय. पावडर पिणाऱ्यांच्यात याला टर्की म्हणतात, टर्की लागली. शेवटचा दम मारल्यावर अर्ध्या-एक दिवसात चालू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते, जुलाब, उलट्या, हाडं कुणी पिळतंय असं दुखणं, झोप नाही, पाय आपोआप झटकतात. पाच-सात दिवसांत अंगातलं निघतं पण झोप पुढे कितीतरी दिवस लागत नाही. छोट्याला दोन दिवस पोलीस कोठडी मिळाली आणि तिसऱ्या दिवशी एमसीआर (न्यायालयीन कोठडी), म्हणजे जेलच्या दारात पोचला तो नेमका सगळ्यात वाईट दिवशी.

पहिल्या मुलाकातीला काचेपलीकडे बसला होता, इंटरकॉमचा रिसीव्हर धरलेला हात हलत होता. म्हणाला दादा, पहिल्या रात्री संडासापाशी जागा मिळाली ते बरंच झालं, सारखं जावंच लागत होतं, लोक शिव्या घालत होते. बराक किती माणसांची आणि आत किती, ते मी इथं लिहीत नाही, कुठली जेल ते कळेल. तसं म्हटलं तर कुठली जेल वेगळी आहे? 2022 च्या सरकारी आकड्यांत देशातल्या जेलमध्ये 5 लाख 73 हजार कैदी, 100 च्या जागेत 131, आणि दर चारातले तीन कच्चे, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच नाही. मुंबईची आर्थर रोड आठशे-हजार लोकांची जेल, तिथं तीन-तीन हजार ठेवलेले असतात. अशा ठिकाणी एक पोरगं रात्रभर कण्हत, ओकत पडलं तर बाकीच्यांना एकच पाहिजे असतं, हा गप झाला पाहिजे. दुसऱ्या रात्री कुणीतरी त्याला अर्धी गोळी दिली. फुकट. झोप लागली.

हीच ती जागा साहेब, जिथं आत ग्राहक तयार होतो. भिंतीपाशी नाही.

पुढचं सगळं मग शिस्तीत झालं. तिसऱ्या दिवशी गोळीच्या बदल्यात त्याचा नाष्टा गेला, मग कँटीनचं बिस्किट, मग बिडीचं बंडल, मग कुणाचे तरी कपडे धुवायचे, रात्री पाय दाबायचे. पंधरा दिवसांनी मला फोन आला, एका नंबरवर दोन हजार टाक. नंबर कुठल्यातरी बाईच्या नावावर होता. मी टाकले. पुढच्या महिन्यात परत टाकले. आता बोला, जेलमधल्या नशेला पैसा पुरवणारा अज्ञात इसम कोण? मी. माझ्यासारखे बाहेर कितीजण असतील, पोराला मार पडू नये म्हणून गुपचूप पाठवणारे. आणि पैसे थांबले तेव्हा त्याला सांगितलं, तारखेला कोर्टात जाशील तेव्हा येताना एक पुडी घेऊन ये, कुठं ठेवायची ते त्यांनीच शिकवलं, ते मी लिहीत नाही, लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात. त्याने आणली की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

जेलच्या स्टाफला सरसकट शिव्या घालायला हे लिहीत नाही. माझ्याकडे झेरॉक्सला जेलचे शिपाई पण येतात, एकेकाच्या अंगावर शंभर-शंभर माणसं असतात, डबल ड्युट्या, त्यातले काही विकले जातात हेही खरं, पकडले गेलेत. पण उद्या सगळे वॉर्डर धुतल्या तांदळासारखे झाले तरी ज्याला टर्की लागलीय त्याला काहीतरी पाहिजेच, त्याला खोकल्याचं औषध चालतं, दुसऱ्याच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालतात, काहीच नसलं तर बाम पण चालतो. आणि दारूचं तर याच्याहून वाईट. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दोन-चार दिवसांत हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते, औषध मिळालं नाही तर माणूस जाऊ शकतो. छोट्याच्या बराकीत एक पन्नाशीचा माणूस रात्री भिंतीवरच्या मुंग्या झाडत ओरडत होता, भिंतीवर मुंगी एकपण नव्हती. नाटक करतो म्हणून त्याला बाकीच्यांनी चोपला. सकाळी हॉस्पिटलला नेला, पुढे काय झालं छोट्याला माहीत नाही.

आता कायद्याचं सांगतो, कारण हे मी स्वतः वाचलंय, एका वकील मॅडमनी झेरॉक्स काढायला दिलं होतं तेव्हा जास्तीची एक प्रत काढून घेतली (त्यांना माहीत नाही). 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, त्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास हे मानसिक आजारात धरलेत, आणि प्रत्येक राज्याने निदान एका जेलच्या दवाखान्यात मानसिक उपचाराची सोय करायची असं स्पष्ट आहे. त्याखालचे 2018 चे नियम तर वाचून मी खुर्चीतच बसलो. जेलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी येतानाच करायची, नशा करतो का ते प्रश्नावलीने विचारायचं, लघवीची टेस्ट करायची, नंतरही अधूनमधून अचानक टेस्ट करायची, आणि दर 500 कैद्यांमागे 20 खाटांचा मनोरुग्ण विभाग. वाचा परत, दर 500 मागे 20 खाटा. येरवड्याची अधिकृत क्षमताच जवळपास अडीच हजार आहे, म्हणजे अधिकृत धरलं तरी 100 खाटा लागतील, आणि आत माणसं कायम त्याच्या कितीतरी जास्त असतात. छोट्याची लघवी कुणी तपासली नाही. चपलेचा तळ मात्र उचकटून बघितला.

हे नियम कुणाच्या मनात आलं म्हणून लिहिलेले नाहीत. बंगळुरूच्या सेंट्रल जेलमध्ये निम्हान्सच्या (तिथली मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था) डॉक्टरांनी 5,024 कैदी तपासले होते, 2011 चा रिपोर्ट आहे, त्यात जवळपास 80 टक्के लोकांना मानसिक आजार नाहीतर व्यसन, दोन्हीपैकी काहीतरी निघालं. व्यसन बाजूला काढलं तरी 27 टक्क्यांच्या वर लोकांना दुसरा मानसिक आजार होता. म्हणजे डिप्रेशन वगैरे आधीच आहे, त्यावर नशा हे औषध म्हणून चाललंय, आणि वरून जेल. आमच्या छोट्याचंच बघा ना, बाप पिणारा, लहानपणी चालू झालेलं, शाळा नाही, काम नाही, आत गेल्यावर दिवसभर करायला काही नाही, जामीन कधी ते माहीत नाही, आणि शेजारी झोपलेला माणूस विकणारा. डॉक्टर लोक ज्याला रिस्क फॅक्टर म्हणतात ते सगळे एकाच पोराच्या अंगावर, आणि यातलं एकपण झडतीत सापडत नाही.

जामिनावरून आठवलं. पैशावाचून आत राहिलेल्या गरीब कैद्यांसाठी 2023 मध्ये केंद्र सरकारने योजना आणली, तेव्हा कच्च्या कैद्याला जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदत ठरली. चांगली योजना आहे, मी चार-पाच जणांचे अर्ज टाईप केलेत. पण एनडीपीएसवाला त्यात बसत नाही. मोठा माल विकणारा बसू नये हे समजू शकतो, पण स्वतःपुरती दोन चिमटी पावडर जवळ सापडलेला पण त्याच चाळणीत वर राहतो. आणि ज्या एनडीपीएस कायद्याच्या नावाने आपण थरथरतो त्याच 1985 च्या कायद्यात 39 कलम आहे, व्यसनी माणूस थोड्या मालात दोषी ठरला तर कोर्ट त्याला लगेच शिक्षा न सुनावता त्याच्या संमतीने उपचाराला पाठवू शकतं. 64अ आहे, स्वतःहून उपचाराला गेलेल्याला खटल्यातून सूट. 19 वर्षांत 39 चा अर्ज मी किती वेळा टाईप केला असेल? एका हाताची बोटं पण भरणार नाहीत. वकिलांना सुचत नाही की घरच्यांना माहीत नसतं, काय ते देव जाणे.

आत उपचार होऊच शकत नाही असंपण नाही. दिल्लीच्या तिहारमध्ये 2008 पासून गर्दवाल्यांना बुप्रेनॉर्फिनची गोळी चालू केली. ती स्टाफच्या समोर जिभेखाली ठेवायची, विरघळली की तोंड उघडून दाखवायचं, टर्की लागत नाही आणि नशापण चढत नाही म्हणजे माणूस कुणाचे पाय दाबायला जात नाही. लोक म्हणतील सरकारनेच नशा वाटायची का. मीपण म्हणालो असतो दोन वर्षांपूर्वी. पण बघा, आत तो काहीतरी घेणारच आहे, ते डॉक्टरच्या हातून की बराकीतल्या भाईच्या हातून, एवढाच सवाल आहे. वर सुई एकाची दुसऱ्याने टोचली की एचआयव्ही, जेलमध्ये एचआयव्हीचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त निघतं, आणि तेच लोक सुटून बायकोकडे घरी येतात. आपल्याकडे तर येरवड्यातच, मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभं केलं, व्यसनमुक्ती म्हणजे काय हे सगळ्या महाराष्ट्राने तिथून शिकलं. तेच येरवडा, आणि जेलपण तिथंच.

2023 मध्ये पुण्याच्या ससून हॉस्पिटलचं प्रकरण झालं तेव्हा मला वाटलं आता तरी बोलतील. येरवड्याचा कैदी उपचाराच्या नावाखाली ससूनला राहतोय, गेटबाहेर दोन कोटींचं एमडी (मेफेड्रोन नावाचं ड्रग) सापडतं, दोन दिवसांनी तो पळून जातो, महिनाभर सगळ्या चॅनेलवर तेच. नाशिकचा कारखाना, कुणाचा कुणाशी फोटो, कुठला नेता कुणाला ओळखतो. कोट्यवधींचं एमडी. पण ते ओढणारी पोरं कोण, ती पकडली की कुठं जातात आणि तिथं त्यांच्या पहिल्या रात्री काय होतं, याच्यावर एक चर्चा बघितली नाही मी. आणि आजारी कैद्याला हॉस्पिटलला पाठवायचं म्हटलं की आता सगळे दहा वेळा विचार करणार, ही त्या प्रकरणाची कमाई.

छोट्याचा जामीन शेवटी मीच केला. 15 हजाराचा जामीनदार, गावाकडचे मामा सातबारा घेऊन आले. सुटका संध्याकाळी होते, मी पाचला गेटवर पोचलो तर माझ्या आधी दोघं बाईक घेऊन उभे होते, ओळखीचे नव्हते. छोट्या बाहेर आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसला. ते म्हणाले चल चहा घेऊ. मी त्याचं बखोट धरून रिक्षात घातला, बाचाबाची झाली, ती सोडा. नंतर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली, की आत सवय कमी झालेली असते, बाहेर आल्यावर माणूस जुन्या अंदाजाने डोस घेतो आणि श्वास बंद पडतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास झाला होता, 2007 मध्ये छापून आला, जेलबाहेरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सामान्य माणसापेक्षा 129 पट. त्या चहाचा अर्थ मला तेव्हा कळला.

सध्या तो माझ्याच दुकानात बसतो, स्टेपल मारतो, पानांना नंबर टाकतो. दर आठवड्याला सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जाऊन बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या आणतो, मी बरोबर जातो, गोळ्या काकू मोजून देते. मध्ये एकदा घसरला, परत आला. म्हणजे जी गोळी त्याला बाहेर सरकारी चिठ्ठीवर मिळते तीच तिसऱ्या दिवशी आत मिळाली असती तर तो कुणाचे कपडे धुवत बसला नसता आणि माझे पैसे त्या बाईच्या नंबरवर गेले नसते.

तुमच्या वार्ताहराला एक विनंती आहे. पुढच्या वेळी बॉलची बातमी आली की अधीक्षक साहेबांना बॉलचं विचाराच, पण सोबत एवढंपण विचारा की त्या आठवड्यात नवीन किती जण आत आले आणि त्यातल्या किती जणांची लघवी तपासली. जो आकडा सांगतील तो तसाच छापा, शून्य सांगितला तर शून्य छापा.

आपला,
कोर्टासमोरचा एक झेरॉक्सवाला

ता.क. नाव छापू नका. छोट्याला स्थळ बघतोय, मुलीकडच्यांना आम्ही सगळं सांगणारच आहोत, पण ते आमच्या तोंडून कळू दे, पेपरातून नको.